मराठवाड्यातून शहीद द्वीपला बोटीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानातल्या शहीद द्वीपला, म्हणजे जुन्या नील बेटावर, निघालेल्या नांदेड-परभणी-लातूरकडच्या मंडळींचे प्रश्न साधारण तेच ते असतात. विमानाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, बोटीबद्दल सगळेच विचारतात. ते साहजिकही आहे. आपल्या एकाही जिल्ह्याला समुद्र नाही. मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, नाहीतर पुरातली गोदावरी. म्हणून खालची उत्तरं बोटीभोवतीच फिरतात. हॉटेलांची नावं इथे मिळणार नाहीत.

हे बेट नेमकं आहे कुठे? आणि नील म्हणायचं की शहीद द्वीप?

पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला सुमारे 37 किलोमीटरवर. खुद्द पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. नीलचं शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप हे बदल त्याआधीचे, 30 डिसेंबर 2018 चे. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, त्याला तेव्हा 75 वर्षं झाली होती. तिकिटावर, फलकावर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावं सापडतील, गोंधळू नका. जुनं नाव ज्या जेम्स नीलवरून पडलं, तो 1857 मध्ये अलाहाबाद-कानपूरकडे घेतलेल्या सूडासाठी कुप्रसिद्ध असलेला कंपनीचा अधिकारी. त्याच वर्षी लखनौत तो मारला गेला. असं नाव गेलं ते बरंच झालं.

बेट लहान आहे. या टोकाहून त्या टोकाला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत जाता. 2011 च्या जनगणनेत वस्ती 3,000 च्या आसपास होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यामुळे लोक मुख्यतः बंगाली आणि शेतकरी. भाजीपाला इतका पिकतो की श्री विजयपुरमच्या बाजारात इथला माल जातो. गावांची नावं रामायणातली आहेत: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. आपल्याकडची आजी पहिल्या दिवशीच ती पाठ करून टाकते.

समुद्रच बघायचाय तर कोकण आहे की. एवढ्या लांब कशाला?

नुसता समुद्र बघायचा असेल तर खरंच कोकणात जा. पैसे वाचतील. अंदमानला जायचं ते प्रवाळासाठी, तळ दिसणाऱ्या पाण्यासाठी आणि मराठी माणसाच्या मनात सेल्युलर जेल असतं त्यासाठी. पण कोकणाचा एक उपयोग करून घ्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास आहे. मुंबईला कामानिमित्त जाणं झालं तर घरातल्या शंका असलेल्या माणसाला त्या बोटीत बसवून आणा. बोट लागते की नाही हे कमी खर्चात कळतं.

कधी जावं?

यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सगळ्यांचे कान एका बातमीकडे लागलेले असतात: मान्सून अंदमानात दाखल. आपल्या शेतकऱ्याला ती बातमी ऐकून हायसं वाटतं, कारण पुढे केरळ, मग कोकण, मग आपण. पण त्याच बातमीचा दुसरा अर्थ असा की तिथला समुद्र आता खवळायला लागला. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. मराठवाड्याची सरासरी 700 च्या आसपास, तीही पडली तर. जून ते सप्टेंबर बोटी रद्द होण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे इकडे पेरणीची घाई असताना तिकडे जाण्यात तसाही अर्थ नाही.

दिवाळीच्या सुट्टीचा मोह बऱ्याच जणांना होतो. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, शाळांना सुट्टी असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊसही असतो. जायचंच असेल तर हाताशी दोन दिवस जादा ठेवूनच जा. नाताळच्या आठवड्यात हवा छान असते, पण गर्दी आणि विमानाचे दर दोन्ही वर चढलेले असतात.

जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही मार्च-एप्रिलला समुद्र बहुधा सगळ्यात शांत असतो आणि पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. अडचण एवढीच की मार्चमध्ये परीक्षा असतात आणि शेतात हरभरा, ज्वारी काढणीला आलेली असते. नोकरदारांनी आणि शिक्षकांनी परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जावं. आपल्याकडे तेव्हा 42-43 अंश असतं, तिथे 32-33. पण त्या 32 वर भुलू नका. दमटपणामुळे अंगाला घामाच्या धारा लागतात, आपली कोरडं ऊन सोसायची सवय तिथे कामाला येत नाही.

मराठवाड्यातून बोटीपर्यंत पोहोचायचं कसं?

लोक सवयीने मुंबईकडे बघतात, पण नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. तिथून अंदमानला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आतबाहेर. अजिंठा एक्स्प्रेसने रात्रीतून हैदराबाद गाठता येतं. उदगीर-लातूरकडच्यांना बीदरमार्गे जाता येतं. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबादला जाणारी आपली माणसं कमी नाहीत, शहर ओळखीचं आहे. फक्त शमशाबादचा विमानतळ सिकंदराबाद किंवा काचीगुडा स्टेशनपासून चांगलाच लांब आहे. ‘पुष्पक’ नावाच्या विमानतळाच्या बस मिळतात, पण सकाळच्या वर्दळीत दीड-दोन तास धरूनच चाला. रात्रीची रेल्वे आणि त्याच सकाळचं विमान अशी जोडी लावू नका. रेल्वेला उशीर झाला की विमान गेलं, विमान गेलं की बोट गेली. छत्रपती संभाजीनगर-जालन्याच्या लोकांनी चिकलठाण्याहून मुंबईमार्गे आणि हैदराबादमार्गे असे दोन्ही दर बघावेत.

विमान उतरलं त्याच दिवशी दुपारची बोट धरायची का, असंही विचारतात. धरू नका. ती रात्र श्री विजयपुरमला काढा. दुपारी सेल्युलर जेल बघा. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत आणि सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने बोटीत बसा.

चेन्नईहून जहाजाने जाता येतं म्हणतात?

येतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं जातात, अडीच-तीन दिवस लागतात. महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात आणि तारखा मागेपुढे होतात. हौस आणि रजा दोन्ही भरपूर असेल तर एकीकडचा प्रवास करून बघा. कुटुंबाला घेऊन पहिल्याच वेळी नको.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकाला श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसाठी लागत नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं लागतं, लहान मुलांचंसुद्धा. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं हवं. आपल्याकडे आधारवर कुठे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे आडनाव आधी असतं, लग्नानंतर नाव बदललेलं नसतं. तिकीट काढताना आधार समोर ठेवूनच अक्षरं भरा.

सरकारी बोट बरी की खासगी?

दोन्ही बऱ्या, गरज वेगळी.

खासगी बोटी म्हणजे बहुतेक कॅटामरान, दोन समांतर सांगाड्यांवर उभ्या असलेल्या वेगवान बोटी. मक्रुझ, ग्रीन ओशन, नॉटिका ही खासगी बोटींतली प्रवाशांच्या ओळखीची नावं. एसी असतो, सीट ठरलेली असते, तास-दीड तासात पोहोचवतात. भाडं वर्गानुसार साधारण हजारापासून दोन-अडीच हजारांपर्यंत. बहुतेक बोटींत प्रवासभर आतच बसावं लागतं, काही बोटींना उघडा डेक आहे. ज्यांना गुदमरल्यासारखं होतं त्यांनी डेकची बोट बघावी.

सरकारी बोट स्वस्त, दोन तासांच्या आसपास घेते, आणि तिच्यात बेटावरची माणसं भेटतात: भाजीच्या रिकाम्या टोपल्या, कोंबड्या, दवाखान्यातून परतलेला म्हातारा. पण ती त्यांची एसटी आहे हे ध्यानात ठेवा. स्थानिकांना प्राधान्य असतं आणि पर्यटकांसाठी तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात. त्यामुळे दहा-बारा जणांच्या गटाने सरकारी बोटीच्या भरवशावर बेत आखू नये. दोघं-तिघं असाल आणि वेळ असेल तर जरूर जा. माझं मत विचाराल तर जाताना खासगी, आणि जमलं तर येताना सरकारी.

तिकीट कधी काढायचं?

विमानाचं नक्की झालं की लगेच. उलटं करू नका.

फेरीचा क्रमही इथेच ठरवा. श्री विजयपुरम, तिथून स्वराज द्वीप, तिथून शहीद द्वीप आणि परत, असा त्रिकोण बहुतेक जण करतात. दोन्ही बेटांमधलं अंतर बोटीने तासाभराच्या आतलं आहे. तिकिटावर कुठला धक्का लिहिलाय ते नीट वाचा. शहरात फिनिक्स बे आणि हॅडो असे वेगळे धक्के आहेत, आणि चुकीच्या धक्क्यावर बॅगा घेऊन उभं राहणाऱ्यांत आपली माणसं हमखास दिसतात.

बोटीत बसेपर्यंत आणि बसल्यावर नेमकं काय होतं?

सुटायच्या तासभर आधी पोहोचा. आधी ओळखपत्र आणि तिकीट बघतात, मग बॅगा यंत्रातून जातात. मोठ्या बॅगांना चिठ्ठी बांधून त्या बोटीच्या एका भागात रचतात, हातातली पिशवी तेवढी जवळ राहते. वजनाची मर्यादा कंपनीनुसार बदलते. औषधं, पाणी, शाल आणि मुलांचा एक जादा कपडा हातातल्या पिशवीत ठेवा. शाल म्हणजे थंडीसाठीच: बाहेर घाम आणि आत एसी इतका कडक की पहिल्या दहा मिनिटांत आयाबाया पदर कानावरून घेतात.

धक्का आणि बोट यांच्यामध्ये फळी किंवा छोटा पूल टाकलेला असतो. बोट वरखाली होते तसा तोही हलतो. तिथे थांबून फोटो काढायचा नाही. कर्मचाऱ्याने हात पुढे केला तर घ्यायचा.

निघाल्यावर काही वेळ बोट बंदराच्या आडोशात असते, पाणी तळ्यासारखं असतं आणि सगळे म्हणतात, ‘काहीच होत नाही की.’ आडोसा संपून उघडा समुद्र लागला की खरा झोका सुरू होतो. पुढचं टोक उचलतं, क्षणभर थांबतं आणि धप्पकन बसतं. खिडकीवर पाणी उडतं. बोट थोडी जोरात आदळली तर कुणीतरी ‘पांडुरंगा’ म्हणतंच. हे रोजचंच आहे. पोरं उड्या मारतात, मोठी माणसं गप्प होतात. मग एकदम वेग उतरतो, इंजिनाचा आवाज खाली येतो आणि खिडकीतून पाण्याचा रंग बदललेला दिसतो: गडद निळ्यातून फिका हिरवा. शहीद द्वीपच्या धक्क्यावर उतरताना खाली बघा, खांबांभोवती फिरणारे मासे वरून दिसतात.

आईला गाडी लागते. बोट लागेल का?

परभणी ते छत्रपती संभाजीनगर जायलाही ज्यांना खिडकीच लागते, त्यांना बोट लागायची शक्यता आहे. पण शांत दिवशी लागेलच असं नाही.

मधली सीट घ्या आणि दोन मजले असतील तर खालचा. झोका सगळ्यात जास्त पुढच्या टोकाला असतो. महागडा वर्ग पुष्कळदा वरच्या मजल्यावर असतो, म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त हिंदकळायचं. मोबाइल बघायचा नाही, वाचायचं नाही, क्षितिजाच्या रेघेवर नजर ठेवायची. उपाशी बसू नका आणि वडा-पुरी हाणूनही बसू नका, कोरडी पोळी किंवा दशमी पुरे. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी (अवोमिनसारखी) बोट सुटायच्या आधी तासभर घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. तिने झोप येते. रक्तदाब, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर गावातल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. तोंडात आल्याचा तुकडा किंवा आलेपाक ठेवल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं.

‘मला मळमळायलंय’ हे लाजून शेवटी सांगण्यापेक्षा आधी सांगायला घरच्यांना बजावून ठेवा. कर्मचारी लगेच पिशवी आणून देतात, त्यांना त्यात नवीन काही नाही.

पोहता येत नाही. काही झालं तर?

बोटीतल्या बहुतेकांना पोहता येत नसतं. सुरुवातीला लाइफ जॅकेट कुठे आहे आणि कसं घालायचं हे दाखवतात, तेवढी दोन मिनिटं सेल्फी थांबवून बघा. मोठ्या बोटी हवामान बघूनच सोडतात, आणि बंदराने परवानगी दिली नाही तर सुटतच नाहीत.

जास्त जपायचं ते छोट्या पर्यटन बोटींना. 26 जानेवारी 2014 ला श्री विजयपुरमजवळ क्षमतेपेक्षा जास्त पर्यटक भरलेली बोट उलटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. काचेच्या तळाची बोट असो की फेरफटक्याची, सगळ्यांना जॅकेट मिळाल्याशिवाय आणि माणसं मोजल्याशिवाय पाय ठेवू नका. ‘बसा हो, पाच मिनिटांचं तर आहे’ हे वाक्य ऐकलं की उतरायचं.

आजी-आजोबांना नेता येईल का?

येईल. जिना आणि हलती फळी एवढ्याच दोन अडचणी. गुडघे धरलेले असतील तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा. नऊवारी चालते, खरं तर फळीवरून चालताना सहावारीपेक्षा सोयीची. हृदयविकार असलेल्यांनी हे समजून जावं की बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं जी. बी. पंत रुग्णालय श्री विजयपुरमला. मध्ये समुद्र आहे आणि रात्री नेहमीच्या बोटी नसतात.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? टूरवाले तसंच सांगतात.

येतं, पण करू नका. बोट उतरल्यावर भरतपूरच्या किनाऱ्यावर तासभर, हावडा ब्रिज नावाच्या खडकाच्या कमानीपाशी तासभर, जेवण, परत धक्का. माहूर-तुळजापूर-अक्कलकोट एका दिवसात उरकणाऱ्यांना ते जमतंही. पण हे बेट पाण्याच्या वेळेने चालतं आणि तुमच्या त्या चार तासांत पाणी हवं तसं असेलच असं नाही. दोन रात्री राहा. तेवढ्यात दोन ओहोट्या, एक सूर्योदय, एक सूर्यास्त पदरात पडतो आणि एखादी बोट रद्द झाली तरी काळीज धडधडत नाही. पैसे वाचवायचे असतील तर दुसरं एखादं ठिकाण गाळा.

बेटावर बघायचं काय?

धक्क्याला लागूनच भरतपूर किनारा. पाणी उथळ, मुलांना बरं, काचेच्या तळाच्या बोटी इथूनच. ओहोटीला पाणी बरंच मागे जातं, तेव्हा पोहण्याचा बेत फसतो. पूर्वेला सीतापूर, सूर्योदयासाठी. पश्चिमेला लक्ष्मणपूर, सूर्यास्तासाठी.

सगळ्यात मोलाची जागा म्हणजे लक्ष्मणपूरची दुसरी बाजू, नैसर्गिक खडकाची कमान. बंगाली वसाहतकऱ्यांनी तिला हावडा ब्रिज नाव दिलं. तिथे ओहोटीलाच जायचं. पाणी ओसरलं की खडकाळ तळ उघडा पडतो आणि जागोजागी डबकी राहतात. त्या डबक्यांपाशी उकिडवं बसून पाच मिनिटं हलू नका. आधी नुसता दगड दिसतो. मग दगडाचा एक कोपरा सरकतो, तो खेकडा निघतो. काळी, दोडक्याएवढी समुद्रकाकडी (हाही एक प्राणीच) पडलेली असते, नखाएवढे निळे मासे इकडून तिकडे सुटतात, शिंपला किंचित उघडून मिटतो. स्थानिक वाटाडे असतात, त्यांना थोडे पैसे देऊन सोबत घ्या, आपल्या डोळ्यांना निम्मं दिसतच नाही. पायात जुनी पट्ट्याची चप्पल हवी, खडक धारदार असतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, ते दगडासारखं दिसलं तरी जीव आहे.

ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. घरातलं पंचांग इथे कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीला पाणी जास्तच खाली जातं आणि कमान नीट बघता येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, फरक कमी. म्हणून तिकिटं काढताना तिथी बघा. मुहूर्तासाठी नाही, पाण्यासाठी.

सूर्यास्त किती वाजता?

आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी. घड्याळ तेच, पण नांदेडपेक्षा हे बेट जवळजवळ 16 रेखांश पूर्वेला आहे. हिवाळ्यात सव्वापाचच्या आत सूर्य बुडतो आणि पहाटे पाचला झुंजुमुंजू होतं. ‘चहा घेऊन सहाला जाऊ किनाऱ्यावर’ म्हणाल तर अंधार बघून याल. संध्याकाळी वाळूत बारीक चावऱ्या माश्या असतात, पाय झाकून बसा.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, आणि भाज्या तिथल्याच असल्याने ताज्या. वरण-भात, भाजी, पोळी बहुतेक ठिकाणी. ज्वारीची भाकरी विसरा. धपाटे दोन दिवस टिकतात, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आठवडाभर. तेलाचं लोणचं विमानाच्या मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. नारळपाणी भरपूर प्या. पिण्याच्या पाण्याची आपली बाटली न्या. आंघोळीला मात्र लातूरकरांसारखे वागा: ज्या शहराने 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या माणसाला बेटावरच्या गोड्या पाण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

फोन, पैसे, वीज?

रोख न्या. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली आणि अंदमानचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं, तरी लहान बेटावर नेटवर्क येतं-जातं आणि ऐन वेळी यूपीआय फिरत बसतं. तिकिटं मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, एक कागदी प्रत खिशात. वीज गेली तर आपल्याला लोडशेडिंगची सवय आहेच.

स्कूबा करायचं तर?

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणं. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक सोबत घेऊन उतरवतात. दमा, कानाचा किंवा हृदयाचा त्रास फॉर्मवर लपवू नका. आणि पाण्याखाली गेल्यानंतर किमान 24 तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे करतो. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी कधीच नाही.

शंख, पोवळं आणता येईल? देवघरासाठी हवंय.

किनाऱ्यावरून काहीही उचलायचं नाही. मेलेलं, तुटलेलं प्रवाळसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 त्याला लागू आहे, आणि धक्क्यावर व विमानतळावर बॅगा यंत्रातून जातात. पोरांच्या खिशातही बघून घ्या, पोरं गोळा करतातच. शंखच हवा असेल तर श्री विजयपुरममधल्या ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती बॅगेत वर ठेवा.

भाषेची अडचण?

नाही. हिंदी सगळ्यांना येते. आपली दखनी वळणाची हिंदी ऐकून ते हैदराबादचे का म्हणून विचारतात, एवढंच.

बोट रद्द झाली तर काय करायचं?

हवामान बिघडलं की बोटी थांबतात, कधी एक फेरी, कधी दोन दिवस. खासगी कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत देतात किंवा दुसऱ्या दिवशीची जागा देतात. नियम तिकिटावर असतात, ते काढतानाच वाचा. काउंटरवर आवाज चढवून उपयोग नाही, समोरच्या पोरीच्या हातात वारा नाही. आधी राहण्याच्या जागी फोन करून खोली वाढवून घ्या, कारण रद्द झालेल्या बोटीतले सगळेच त्या खोल्यांच्या मागे लागणार. मग सरकारी बोटीची चौकशी करा. समुद्र निवळला की अडकलेल्या लोकांसाठी कधी कधी जादा फेरी सोडतात.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहायचं नाही. ती रात्र श्री विजयपुरमलाच. सकाळची बोट धरून दुपारचं विमान गाठू असा हिशेब कागदावर जमतो. टूरवाल्याने तसा कार्यक्रम आखून दिला असेल तर पैसे भरण्याआधीच तो बदलून मागा.